गुन्हेगारीस आळा आणि शासकीय माहितीची कायदेशीर देवाणघेवाण

नागरिकाच्या आयुष्यातील बहुतेक महत्त्वाच्या घटना कोणत्या ना कोणत्या शासकीय दप्तरात नोंदलेल्या असतात. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते, शिक्षणाची शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, आजारपणाची सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरवर, जमिनीची सात-बाराच्या उताऱ्यावर आणि वाहनाची परिवहन कार्यालयात. शिधापत्रिकेच्या निमित्ताने घरातील माणसांची नावे पुरवठा कार्यालयाकडे जातात. एखाद्यावर अन्याय झाला किंवा एखाद्याकडून अपराध घडला, तर त्याचे नाव पोलीस ठाण्याच्या दप्तरातही येते. यांतील प्रत्येक नोंद वेगळ्या हेतूने झालेली असते आणि नागरिकाने ती माहिती त्या हेतूपुरतीच शासनाच्या स्वाधीन केलेली असते.

गुन्हा मात्र खात्यांच्या सीमा पाळीत नाही. घरात मार खाणाऱ्या स्त्रीच्या जखमा रुग्णालयाला ठाऊक असतात, तिच्या मुलांची शाळेतील गैरहजेरी शिक्षकांना ठाऊक असते आणि तिच्या पतीवर पूर्वी झालेली तक्रार पोलिसांना ठाऊक असते. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तर पुढचा अनर्थ टळण्याची शक्यता असते. त्या एकत्र न आल्यास प्रत्येक खाते आपापल्या परीने निर्दोष राहते आणि ती स्त्री मात्र असुरक्षितच राहते. म्हणून गुन्ह्यांना आळा घालण्यासाठी शासनाच्या विविध यंत्रणांनी परस्परांना माहिती देणे आवश्यक ठरते. ही माहिती कोणी, कोणाला, किती आणि कोणत्या अधिकाराने द्यावी, हा या लेखाचा विषय आहे.

या बाबतीत प्रशासनाकडून दोन प्रकारच्या चुका होतात. गोपनीयतेचे कारण पुढे करून द्यायला हवी ती माहितीही न देणे, ही पहिली. ‘सरकारचेच काम आहे’ असे म्हणून मागणाऱ्याला सारे दप्तर खुले करणे, ही दुसरी. पहिल्या चुकीने निरपराध माणूस गुन्ह्याला बळी पडतो, तर दुसरीने निरपराध माणूस संशयाला बळी पडतो. या दोन्ही चुका टाळण्याची वाट कायद्यातच आखून दिलेली आहे. काही उदाहरणांवरून ती समजून घेता येईल.

नावांशिवाय माहिती : कार्डिफचा प्रयोग

वेल्सची राजधानी कार्डिफ येथे मुख व जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ प्राध्यापक जोनाथन शेफर्ड यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मारामारीत जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या लोकांपैकी बऱ्याच जणांची पोलिसांकडे नोंदच नसते. काहींना सूडाची भीती वाटते, काहींना आपलेच वर्तन उघडे पडेल असे वाटते, तर काहींना तक्रारीचा उपयोग होईल असे वाटत नाही. केवळ आपल्याच नोंदींवर विसंबून गस्त आखणाऱ्या पोलिसांना शहरातील हिंसेचे खरे चित्र दिसत नव्हते.

यावर योजलेला उपाय अगदी साधा होता. अपघात विभागात नोंदणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी जखमी व्यक्तीला चार-पाच जादा प्रश्न विचारावयाचे : हल्ला नेमका कोठे झाला, कोणत्या दिवशी व किती वाजता झाला, कोणते शस्त्र वापरले गेले, हल्लेखोर किती होते. या उत्तरांमधून रुग्णाचे नाव, पत्ता व ओळख पटेल असा सर्व मजकूर वगळावयाचा आणि उरलेली माहिती पोलीस व स्थानिक प्रशासन यांच्या संयुक्त गटाकडे नियमितपणे पाठवावयाची. त्या माहितीच्या आधारे पोलिसांनी गस्तीची ठिकाणे व वेळा बदलल्या. मद्यालयांच्या परवान्यांबाबत निर्णय घेताना या नोंदी विचारात घेतल्या गेल्या. काही ठिकाणी काचेऐवजी प्लॅस्टिकचे पेले वापरण्यात आले आणि गर्दीचे काही रस्ते वाहनांना बंद करण्यात आले.

या प्रयोगाचा अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कार्डिफची तुलना त्याच्याशी साम्य असलेल्या १४ शहरांशी करण्यात आली होती. हिंसाचारामुळे रुग्णालयात दाखल कराव्या लागणाऱ्यांचे प्रमाण कार्डिफमध्ये एक लाख लोकसंख्येमागे दरमहा ७ वरून ५ वर आले. त्याच काळात तुलनेतील शहरांत ते ५ वरून ८ वर गेले. पोलिसांनी नोंदविलेल्या जखमी करण्याच्या गुन्ह्यांचे प्रमाण दोन्हीकडे वाढले. परंतु कार्डिफमध्ये ते ५४ वरून ८२ पर्यंत आणि इतरत्र ५४ वरून ११४ पर्यंत गेले.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या कामी एकाही रुग्णाचे नाव पोलिसांना देण्यात आले नाही. गुन्ह्याच्या प्रतिबंधासाठी अनेकदा ‘कोण’ हे कळण्याची गरजच नसते, ‘कोठे, केव्हा आणि कसे’ एवढे कळले तरी पुरते. ब्रिटनमध्ये १९९८ च्या गुन्हेगारी व अव्यवस्था अधिनियमाने पोलीस व स्थानिक संस्था यांच्यावर गुन्हे कमी करण्याची संयुक्त जबाबदारी टाकली. त्याच अधिनियमाच्या कलम ११५ ने या कामासाठी संबंधित यंत्रणांना माहिती देण्याचा अधिकार दिला. पुढे २००६ च्या कायद्याने ओळख वगळलेली माहिती परस्परांना पुरविणे हे काही यंत्रणांचे कर्तव्य ठरविण्यात आले. नाव असलेल्या माहितीबाबत कायद्याने अधिकार दिला आणि नाव नसलेल्या माहितीबाबत कर्तव्य सांगितले. हा भेद अभ्यासण्यासारखा आहे.

न दिलेल्या माहितीची किंमत : सोहम प्रकरण

कार्डिफमध्ये माहिती पोहोचली आणि जखमींची संख्या घटली. त्याच देशात माहिती न पोहोचल्याने काय घडू शकते, हेही दिसून आले. इंग्लंडमधील सोहम या गावी ऑगस्ट २००२ मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींची हत्या झाली. डिसेंबर २००३ मध्ये त्याबद्दल शिक्षा झालेली व्यक्ती स्थानिक माध्यमिक विद्यालयात देखरेखीच्या नोकरीवर होती. या व्यक्तीविरुद्ध १९९५ ते १९९९ या काळात हंबरसाइड पोलिसांच्या हद्दीत लैंगिक स्वरूपाच्या गुन्ह्यांच्या अनेक तक्रारी आल्या होत्या. त्यांपैकी एकाही प्रकरणात शिक्षा झालेली नव्हती. नोकरीपूर्वी झालेल्या पोलीस पडताळणीत या तक्रारींपैकी काहीच शाळेपर्यंत पोहोचले नाही.

चौकशीसाठी नेमलेले सर मायकेल बिचर्ड यांनी आपला अहवाल जून २००४ मध्ये सादर केला. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यामुळे जुन्या नोंदी ठेवता आल्या नाहीत, असे कारण त्या पोलीस दलाकडून सुरुवातीस देण्यात आले होते. चौकशीत ते टिकले नाही. दोष कायद्याचा नव्हता. नोंदी कशा ठेवाव्यात, केव्हा तपासाव्यात आणि केव्हा काढून टाकाव्यात, याची यंत्रणाच त्या दलात विस्कळीत होती आणि कर्मचाऱ्यांना नियमांची नीट समज नव्हती, असे आढळून आले. पडताळणी करणाऱ्या दुसऱ्या पोलीस दलाचेही दोष अहवालात नमूद झाले. त्या व्यक्तीने वापरलेल्या दोन्ही नावांनी नीट शोध घेतला गेला नव्हता. या अहवालानंतर पोलिसांकडील माहितीच्या व्यवस्थापनाची संहिता तयार झाली, मुलांसमवेत काम करणाऱ्यांच्या पडताळणीसाठी २००६ मध्ये कायदा झाला आणि देशातील पोलीस दलांना परस्परांकडील माहिती पाहता यावी यासाठी राष्ट्रीय संगणकीय व्यवस्था उभी राहिली.

गोपनीयतेचा नियम न वाचताच त्याचा आधार घेणे किती महाग पडू शकते, याचा हा धडा आहे. त्याचबरोबर आणखी एक अवघड प्रश्न या प्रकरणातून पुढे येतो. सिद्ध न झालेली तक्रार ही शिक्षा नव्हे. ती सरसकट सर्वांना सांगितली तर निरपराध माणसाची उपजीविका जाईल आणि कधीच सांगितली नाही तर लहान मुलांचा जीव धोक्यात येईल. या प्रश्नाला यांत्रिक उत्तर नाही. जबाबदार अधिकाऱ्याने लेखी कारणांसह विवेकाने घेतलेला निर्णय, हेच त्याचे उत्तर असू शकते.

भारतीय कायद्याची चौकट

आपल्या देशात या विषयाचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने घातला. न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क हा संविधानाने दिलेला मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. हा हक्क अनिर्बंध नाही. परंतु शासनाला त्यावर मर्यादा घालावयाची झाल्यास तीन कसोट्या पार कराव्या लागतात. त्यासाठी कायद्याचा आधार असला पाहिजे, हेतू योग्य असला पाहिजे आणि योजलेला उपाय त्या हेतूच्या प्रमाणात असला पाहिजे. गुन्ह्यांचा प्रतिबंध व तपास हा योग्य हेतू आहे, यात शंका नाही. म्हणजे पहिली व तिसरी कसोटी हीच व्यवहारात महत्त्वाची ठरते.

त्याही पूर्वी, २००४ मध्ये, कॅनरा बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक मौलिक तत्त्व सांगितले होते. आंध्र प्रदेशात मुद्रांक अधिनियमात १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेल्या कोणाही व्यक्तीला बँकेतील कागदपत्रे तपासण्याचा व ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला होता. ही तरतूद घटनाबाह्य ठरली. ग्राहकाने बँकेकडे कागद सोपविला म्हणून त्यावरील त्याचा खाजगीपणाचा हक्क संपत नाही, असा या निकालाचा आशय होता. हेच तत्त्व शासकीय दप्तरांनाही लावून पाहता येते. नागरिकाची माहिती एका खात्याकडे आली म्हणजे ती सर्व खात्यांची मालमत्ता झाली, असे मानता येत नाही.

कायद्यांचा अभ्यास केल्यास माहितीच्या देवाणघेवाणीबाबत त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात माहिती देणे हे बंधनकारक आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ अन्वये बालकावर असा अपराध घडल्याची माहिती किंवा घडण्याची भीती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती पोलिसांना कळविली पाहिजे. मग ती व्यक्ती शिक्षक असो, डॉक्टर असो वा वसतिगृहाची अधीक्षक असो. न कळविल्यास कलम २१ अन्वये शिक्षेची तरतूद आहे. पोलिसांनीही हा विषय २४ तासांच्या आत बाल कल्याण समिती व विशेष न्यायालय यांच्या निदर्शनास आणावयाचा असतो. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार आल्यावर संरक्षण अधिकाऱ्याने तयार केलेला घटना अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे व त्याची प्रत संबंधित पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे पाठवावी, असे २००५ चा अधिनियम सांगतो. अशा प्रसंगी ‘हे गोपनीय आहे’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही.

दुसऱ्या वर्गात माहिती मागण्याचा अधिकार आहे, पण तो ठरावीक रीतीनेच वापरावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ९४ अन्वये न्यायालय किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी तपासासाठी आवश्यक असलेला दस्तऐवज लेखी आदेशाने मागवू शकतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच तरतूद कलम ९१ मध्ये होती. टपाल खात्याच्या ताब्यातील पत्रांना मात्र हे कलम लागू नाही. ती मिळविण्यासाठी जिल्हा दंडाधिकारी किंवा संहितेत सांगितलेले न्यायालय यांचाच आदेश लागतो. म्हणजे माहिती जितकी नाजूक, तितका आदेश देणारा अधिकारी वरच्या पायरीचा, असे तत्त्व यात दिसते.

तिसऱ्या वर्गात माहिती देण्यास स्पष्ट मनाई आहे. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ अन्वये जनगणनेच्या नोंदी कोणालाही तपासणीसाठी खुल्या नसतात आणि त्या न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. प्रगणकाला दिलेले उत्तर आपल्याविरुद्ध वापरले जाणार नाही, या विश्वासावरच देशाची जनगणना उभी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ अन्वये, बालकाविरुद्धचे प्रकरण निकालात निघाले असेल तर पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी त्या प्रकरणाची नोंद उघड करावयाची नाही. लहानपणी पाऊल चुकलेल्या मुलाला पुढे नोकरीचे दार बंद होऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ हा या मालिकेतील अलीकडचा कायदा होय. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात आणण्याची योजना आहे. अपराधांचा प्रतिबंध, शोध, तपास व खटला यांसाठी होणाऱ्या माहितीच्या वापराला या अधिनियमाच्या कलम १७ ने बऱ्याच बंधनांतून सूट दिली आहे. परंतु माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी त्या सुटीतून वगळलेली आहे. तपासाच्या कामासाठी घेतलेली यादी उघड्यावर पडली, तर ‘आम्ही गुन्हा शोधत होतो’ हा बचाव पुरेसा ठरणार नाही.

वास्कोचे प्रकरण : संपूर्ण दप्तर मागता येते काय?

प्रमाणाची कसोटी व्यवहारात कशी लागते, हे गोव्यातील एका प्रकरणावरून चांगले समजते. जानेवारी २०१३ मध्ये वास्को येथे एका शाळेत बालिकेवर अत्याचार झाला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. घटनास्थळी मिळालेले बोटांचे ठसे आधार प्राधिकरणाच्या नोंदींशी ताडून पाहावेत, अशी मागणी पुढे आली आणि वास्को येथील न्यायदंडाधिकाऱ्यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये तसा आदेश दिला. प्राधिकरण त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेले. खंडपीठाने अशी तुलना तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे काय, हे तज्ज्ञाकडून तपासण्याचे निर्देश दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २४ मार्च २०१४ रोजी त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती दिली. आधार क्रमांक मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीची जैविक ओळखीची माहिती तिच्या लेखी संमतीविना अन्य कोणत्याही यंत्रणेला देऊ नये, असा आदेशही न्यायालयाने प्राधिकरणास दिला.

गुन्हा अत्यंत घृणास्पद होता आणि गुन्हेगार सापडावा ही इच्छा सर्वांचीच होती. तरीही न्यायालयाने असा आदेश का द्यावा, असा प्रश्न सामान्य वाचकाच्या मनात येईल. त्याचे एक उत्तर हेतूच्या तत्त्वात आहे. अनुदान व सेवा यांसाठी घेतलेले ठसे संशयितांच्या शोधासाठी घेतलेले नव्हते. दुसरे उत्तर साध्या गणितात आहे. समजा, ठसे जुळविणारे एखादे यंत्र लाखात एकदाच चूक करते. एका संशयिताचा ठसा एका माणसाशी ताडताना ही चूक नगण्य वाटते. पण तोच ठसा पन्नास कोटी लोकांच्या नोंदींशी ताडला तर पाच हजार निरपराध माणसांची नावे संशयितांच्या यादीत येतील. त्यांतील प्रत्येकाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल आणि खरा गुन्हेगार मात्र त्या गर्दीत लपून जाईल. संपूर्ण दप्तर मागणे हे म्हणूनच नागरिकांवर अन्याय करणारे आणि तपासालाही निरुपयोगी ठरू शकते.

पुढे आधार अधिनियम, २०१६ झाला. बोटांचे ठसे व बुबुळांची प्रतिमा ही मूळ जैविक माहिती कोणत्याही कारणास्तव कोणालाही देऊ नये, असे त्याच्या कलम २९ ने सांगितले. इतर माहितीसाठी आरंभी जिल्हा न्यायाधीशांच्या दर्जाच्या न्यायालयाचा आदेश पुरेसा होता. २०१८ च्या निकालानंतर २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन तो अधिकार उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे गेला आणि संबंधित व्यक्तीचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक झाले. राष्ट्रीय सुरक्षेच्या प्रकरणांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. तपासासाठी ठसे हवेत, तर त्याला वेगळा मार्ग आहे. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ अन्वये अटक झालेल्या व दोषी ठरलेल्या व्यक्तींची मापे कायद्याने सांगितलेल्या मर्यादेत घेतली जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ती ७५ वर्षे जतन करतो आणि तपास यंत्रणांना पुरवितो. पूर्वी शिक्षा न झालेली व्यक्ती अंतिमतः निर्दोष सुटली, तर न्यायालयाने अन्यथा आदेश दिला नसल्यास तिच्या नोंदी नष्ट करावयाच्या असतात.

नोंद चुकीची असेल तर

माहितीची देवाणघेवाण वेगवान झाली की खऱ्या माहितीबरोबर खोटी माहितीही त्याच वेगाने पसरते. २००९ मध्ये मंजूर झालेल्या गुन्हे व गुन्हेगार माग यंत्रणेने पोलीस ठाणी संगणकाने जोडली गेली. पोलीस, न्यायालये, तुरुंग, सरकारी अभियोक्ते व न्यायसहायक प्रयोगशाळा यांना जोडणाऱ्या आंतर-परिचालन फौजदारी न्यायप्रणालीच्या दुसऱ्या टप्प्यास केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपयांची मंजुरी दिली. पूर्वी एका ठाण्याच्या वहीत झालेली चूक त्या वहीपुरती राहत असे. आता तीच चूक एका क्षणात राज्याबाहेर जाऊ शकते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रश्नाला एक ऐतिहासिक संदर्भ आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींनाच जन्मतः गुन्हेगार ठरविले होते. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारधी व इतर विमुक्त जमातींतील लोकांकडे संशयाने पाहण्याची दप्तरी सवय सहजासहजी गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२४ च्या एका निकालात या सवयीची दखल घेतली. गुन्हेगारांच्या इतिवृत्त-पत्रकात केवळ सामाजिक पार्श्वभूमीमुळे कोणाची यांत्रिकपणे नोंद होऊ नये, त्यात अल्पवयीन नातेवाइकांचा तपशील सरसकट येऊ नये आणि हे पत्रक पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज म्हणूनच राहावे, असा त्या निकालाचा आशय होता. दिल्लीच्या प्रकरणातील या तत्त्वांचा सर्व राज्यांनी विचार करावा, असेही न्यायालयाने सुचविले. पूर्वग्रहातून झालेली नोंद दुसऱ्या खात्याकडे गेली की तिला ‘शासकीय माहिती’ची प्रतिष्ठा मिळते. म्हणून माहिती देण्यापूर्वी तिची शहानिशा करणे हे देणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

माहिती देण्यापूर्वीचे पाच प्रश्न

वरील विवेचनावरून प्रत्येक कार्यालयाला उपयोगी पडतील असे पाच प्रश्न मांडता येतात.

पहिला प्रश्न हेतूचा : माहिती नेमकी कशासाठी हवी आहे? ‘तपासकामी’ एवढा एकच शब्द पुरेसा नाही. गुन्ह्याचा क्रमांक, किंवा प्रतिबंधाचे काम असल्यास त्याचे स्वरूप, मागणीपत्रात असावे.

दुसरा प्रश्न अधिकाराचा : कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली ही मागणी आहे आणि मागणारा अधिकारी त्यासाठी सक्षम आहे काय? दूरध्वनीवरून आलेली तोंडी सूचना हा लेखी आदेशाचा पर्याय नव्हे.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा : नावाशिवाय काम भागेल काय? भागत नसल्यास कमीत कमी किती माहितीवर भागेल?

चौथा प्रश्न अचूकतेचा : दिली जाणारी नोंद ताजी व तपासलेली आहे काय? आरोप, दोषारोप आणि दोषसिद्धी यांतील फरक तीत स्पष्ट दिसतो काय?

पाचवा प्रश्न जबाबदारीचा : माहिती कोणी, कोणाला, कोणत्या दिवशी दिली याची नोंद झाली काय? काम संपल्यावर तिचे काय होणार, हे ठरले आहे काय?

हे प्रश्न लावून दोन कल्पित प्रसंग पाहू. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावी बसस्थानकाच्या परिसरात रात्री मारामाऱ्या वाढल्या आहेत. ग्रामीण रुग्णालयाने दरमहा जखमींची संख्या, घटनेची जागा व वेळ यांचा गोषवारा नावे वगळून पोलीस ठाण्यास व नगरपरिषदेस दिला, तर गस्त वाढविता येईल आणि बंद पडलेले पथदिवे सुरू करता येतील. यात कोणाच्याही खाजगीपणाला धक्का लागत नाही. आता समजा, चोऱ्या वाढल्या म्हणून एका विशिष्ट वस्तीतील सर्व शिधापत्रिकाधारकांची यादी पुरवठा कार्यालयाकडे मागितली गेली. येथे हेतू योग्य असला तरी संशय व्यक्तीवर नसून वस्तीवर आहे. मागणी प्रमाणाबाहेर आहे. याउलट, दाखल गुन्ह्यातील एका नामनिर्दिष्ट संशयिताचा पत्ता लेखी आदेशाने मागितला असेल, तर तो देण्यात पुरवठा अधिकाऱ्याने दिरंगाई करण्याचे कारण नाही.

विश्वास हेच भांडवल

माहितीचे संरक्षण व गुन्ह्यांचा प्रतिबंध यांचा झगडा आहे, असा समज पुष्कळदा आढळतो. तो खरा नाही. रुग्णालयात सांगितलेली गोष्ट सरळ पोलिसांकडे जाते, अशी समजूत एकदा पसरली की मार खाल्लेली स्त्री उपचारालाही येणार नाही. शाळेत सांगितलेले गावभर होते असे दिसले की मूल शिक्षकांजवळ मन मोकळे करणार नाही. मग दोन यंत्रणांनी एकमेकींना देण्याजोगी माहितीच कोणाकडे जमा होणार नाही. नागरिकांचा विश्वास हा माहितीचा उगम आहे. तो आटला तर संगणकाचे मोठ्यात मोठे जाळेही कोरडे राहील.

म्हणून तालुका व जिल्हा पातळीवरील कार्यालयांनी माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एक जबाबदार अधिकारी नेमणे, मागणीपत्राचा ठरावीक नमुना वापरणे, दिलेल्या माहितीची स्वतंत्र नोंदवही ठेवणे आणि आवक-जावक शाखेपासून ठाणे अंमलदारापर्यंत सर्व संबंधितांना या कायद्यांचे प्रशिक्षण देणे अगत्याचे आहे. यासाठी मोठा खर्च लागत नाही. सोहमच्या दोन मुलींना वाचवू शकेल अशी माहिती दप्तरात होती, पण ती पुढे सरकली नाही. वास्कोच्या प्रकरणात कोट्यवधी लोकांच्या नोंदींचे दार उघडण्याची वेळ आली होती, ते न्यायालयाने बंद केले. कोणते दार उघडावे आणि कोणते बंद ठेवावे हे जाणणारा, आणि आपल्या निर्णयाखाली कारणांसह सही करणारा अधिकारी, हाच या दोन्ही प्रसंगांतील उणीव भरून काढू शकतो. कायद्याने त्याला अधिकारही दिला आहे आणि मर्यादाही. दोन्ही ओळखून काम झाले, तर नागरिकाचा जीवही सुरक्षित राहील आणि त्याचे नावही.